झाकलेला संच

गेल्या दिवाळीच्या सुमारास जळगावातील एका नव्या इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या घरी, आम्ही चहाला गेलो होतो. घर ऐसपैस. बसावयाच्या खोलीत समोरची सबंध भिंत केळीच्या पानांच्या चित्राने मढविलेली. केळीच्या मुलखात राहून केळीची पाने कागदावर छापून आणावी लागतात याची आम्हांस गंमत वाटली, पण ती आम्ही मनातच ठेवली. बोलता बोलता क्रिकेटच्या सामन्याचा विषय निघाला आणि आम्ही सहज विचारले, "टी.व्ही. आतल्या खोलीत ठेवलात वाटते?" यजमानाने हसून हातातले बटण दाबले. भिंतीतून बारीकशी घरघर ऐकू आली, पाने मधोमध दुभंगली, दोन फळ्या दोन बाजूंना सरकल्या आणि मागून काळा चकचकीत पडदा पुढे आला.

परतताना आमच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. जी वस्तू घरात आणण्यासाठी आमच्या पिढीतील माणसांनी दोन-दोन वर्षे हप्ते फेडले, ती दिसू नये म्हणून आज सुताराला निराळे पैसे मोजावे लागतात. असे का व्हावे? विषय किरकोळ आहे असे कोणी म्हणेल. आमचे शिक्षण आठवीवर थांबले; पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या चाळींत झाले. तेव्हा किरकोळ कशास म्हणावे हे आम्हांस नीटसे शिकविलेले नाही. मात्र इतिहासाचार्य राजवाडे, ज्यांनी १९२६ च्या अखेरच्या दिवशी आमच्या धुळ्यातच देह ठेवला, ते जन्मभर लोकांच्या माळ्यांवरची आणि फडताळांतली दप्तरे धुंडाळीत हिंडले, एवढे आम्हांस ठाऊक आहे. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला तो अशाच धुंडाळण्यातून. घराने काय जपले आणि कोठे दडविले हे पाहणे इतिहासाला वर्ज्य नाही, असा अर्थ आम्ही त्यातून आमच्यापुरता काढला आहे.

दडविण्याची सवय खानदेशाला नवी नाही. जुने धाब्याचे घर आठवावे. जाड मातीच्या भिंती, रस्त्याकडे तोंड म्हणून एकच दार, खिडक्या जवळजवळ नाहीत, आणि भिंतीच्या पोटात कोनाडे, देवळ्या, फडताळे, धान्याची बळदे. १८०२-०३ मध्ये होळकरी फौजांनी हा मुलूख तुडविला, पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला, आणि १८१८ मध्ये इंग्रजी अंमल बसेपर्यंत पेंढाऱ्यांची भीती होतीच. अशा काळातून आलेले घर दागिना, धान्य, दस्तऐवज सारे भिंतीत घालते. त्या भिंतीला रंगीत चित्र लागत नसे; शेणामातीचा पोतेरा पुरे होई. मात्र भिंतीत घालावयास काहीतरी असावे लागते, आणि भिंतही आपली असावी लागते. ज्यांची कुडाची झोपडी होती त्यांच्या दडविण्याचा मागमूस कोणत्याही दप्तरात नाही.

यंत्र झाकण्याचा प्रकार आला तो नभोवाणी संचाबरोबर. आमच्या लहानपणी ज्या घरी मोठा रेडिओ असे त्या घरी त्याच्यासाठी भिंतीत एक उंच फळी ठोकलेली असे आणि रेडिओवर मॅटीच्या कापडाचे, कशिद्याचे आच्छादन असे. त्यावर हमखास दोन पोपट, नाहीतर गुलाबाची परडी. ते आच्छादन घरातील मुलीने भरलेले असे आणि मुलगी पाहावयास आलेल्या पाहुण्यांना ते मुद्दाम दाखविले जाई. म्हणजे झाकण रेडिओचे आणि प्रदर्शन मुलीच्या हाताचे. दुसरेही एक कारण होते, त्याचा उच्चार मात्र कोणी करीत नसे. १९३३ च्या कायद्याने परवान्यावाचून असे यंत्र बाळगणे हा गुन्हा होता. पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरावयाचे आणि पुस्तिकेवर शिक्का घ्यावयाचा. रेडिओला १५ रुपये, पुढे टी.व्ही.ला ५०. १९८०-९० च्या दशकाच्या मध्यास हे परवाने उठले. तोवर ज्याचे वर्ष भरावयाचे राहिले असेल त्याच्या रेडिओवरचा पोपट, दारात खाकी कपडा दिसला की, जरा खालपर्यंत ओढला जाई.

गावातील सार्वजनिक रेडिओची गोष्ट निराळी. मुंबई राज्य असताना सरकारने खेडोपाडी असे संच दिले होते. तो चावडीत किंवा पंचायतीच्या खोलीत लाकडी पेटीत असे. पेटीला कुलूप आणि किल्ली एकाच्या करगोट्याला. पेटी कधी उघडावयाची, किती मोठ्याने लावावयाची, कोणी आत बसावयाचे आणि कोणी ओट्याखाली उभे राहून ऐकावयाचे, हे सारे त्या किल्लीबरोबर ठरे. आमच्या वडिलांनी पिकांचे बाजारभाव असेच ओट्याखालून ऐकले. आवाज ओट्याखालीही पोहोचतो. चित्राचे तसे नसते. पुढे पंचायतीला टी.व्ही. मिळाला तेव्हा तोही आम्ही एका गावी तशाच कुलपाच्या कपाटात पाहिला. चित्र पाहावयाचे तर समोर बसणे भाग, आणि समोर कोणी बसावे याचा निकाल पुन्हा तीच किल्ली करी. दलित वस्तीतील पोरे खिडकीच्या गजांना लटकून पाहत.

आता मूळ विषयाकडे वळू. दूरचित्रवाणीचा पहिला प्रयोग दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आम्हां खानदेशवासीयांना त्याचा काही उपयोग नव्हता. या लहरी नजरेच्या रेषेत जातात, डोंगर ओलांडीत नाहीत, आणि मुंबई आणि आमच्यामध्ये सह्याद्री उभा. मुंबईच्या गिरणीत असलेले काका सुटीत येऊन टी.व्ही.च्या गोष्टी सांगत आणि आम्ही त्या सिनेमाच्या गोष्टींसारख्या ऐकत असू. १९८२ मध्ये एशियाडच्या निमित्ताने रंगीत चित्र आले, १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह वर गेला, आणि १९८४ च्या उत्तरार्धात दिवसाला एक या वेगाने देशभर लहान प्रक्षेपक बसविण्यात आले. शंभर वॅटचे ते यंत्र, फार तर वीस-पंचवीस किलोमीटर पोहोचणारे. त्या लाटेबरोबर आमच्याकडच्या धाब्यांवर आणि पत्र्यांवर अॅल्युमिनियमच्या काड्यांचे सांगाडे उगवू लागले.

त्या पहिल्या संचांत पुष्कळसे शटरचे होते. आजच्या मुलांना शटरचा टी.व्ही. सांगूनही डोळ्यांपुढे येणार नाही. सागवानी रंगाची पेटी, खाली चार तिरपे पाय, आणि पुढे लाकडाच्या अरुंद पट्ट्यांचे सरकते दार. या पट्ट्या मागच्या बाजूने कापडावर चिकटविलेल्या असत, म्हणून दार चटईसारखे वळे आणि खाचेतून सरकत पेटीच्या कुशीत जाऊन बसे. मुंबईहून जुना संच आणलेल्या एका घरी आम्ही ते दार पहिल्यांदा सरकताना ऐकले. होय, ऐकले असेच म्हणावयाचे. तो खरखर आवाज चित्रापेक्षा अधिक लक्षात राहिला आहे. कित्येकांना बारीकसे कुलूपही असे. मुलाचे दहावीचे वर्ष आले की जूनपासून मार्चपर्यंत ते कुलूप लागे आणि किल्ली वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात जाई. चावडीची किल्ली आता घरात आली होती.

ही कल्पना काही आपली नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आणि युरोपात टी.व्ही. घरोघर शिरू लागला तेव्हा तो दारांच्या कपाटात बसवून विकीत. दिवाणखान्यात पियानो शोभतो, काचेचा डोळा शोभत नाही, अशी तेथील सुखवस्तूंची समजूत. आमच्याकडे मात्र शटरला एक अगदी साधे कारण होते, ते म्हणजे धूळ. जुन्या चित्रनळीत हजारो व्होल्टचा दाब असे. त्यामुळे काचेवर स्थिर वीज साठे आणि हवेतील धूळ तिकडे ओढली जाई. काचेजवळ हात नेला की हातावरचे केस उभे राहत, हे त्या पिढीतील प्रत्येकाने करून पाहिले आहे. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो, वावटळी उठतात आणि पांढरी माती बंद दारातून आत येते. अशा मुलखात पडद्याला पडदा हवाच. पण त्यातही एक मेख होती. संच बंद केल्यावर बराच वेळ गरम राही. निवण्यापूर्वी त्यावर जाड कापड घातले तर पाठीच्या झरोक्यांतून उष्णता बाहेर पडत नसे आणि आतले भाग करपत. दुरुस्ती करणारे कारागीर सांगत, "बाई, आधी त्याला वारा लागू द्या, मग झोपवा." झोपविणे हा त्यांचाच शब्द.

आत कितीही झाकले तरी छपरावरचा सांगाडा कोणास झाकता येत नसे. कोणत्या घरी टी.व्ही. आहे हे गल्लीच्या तोंडाशी उभे राहून मोजता येई. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

२५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' सुरू झाले आणि झाकण्याचा अर्थच पालटला. रविवारी सकाळी अंघोळी आटोपून माणसे टी.व्ही.समोर बसत. संचाला हार घालीत, उदबत्ती लावीत, चपला बाहेर काढीत. शटर उघडणे हे देव्हाऱ्याचे दार उघडण्यासारखे झाले. ज्यांच्याकडे शटर नव्हते त्यांनी झालरीचा पडदा शिवून घेतला. याची टिंगल करणारे पुष्कळ आहेत. आम्हांस टिंगल करवत नाही, कारण त्या दिवशी एका खोलीच्या घरात चाळीस माणसे जातपात न विचारता बसलेली आम्ही पाहिली आहेत. सोमवारी पुन्हा सारे पूर्ववत होई हेही खरे.

त्यानंतर शोकेस आली, तिच्यावर फार वेळ घालवीत नाही. भिंतीला लागून प्लायवुडचे भले मोठे कपाट, वर सनमायका, मधोमध टी.व्ही.चा खण, भोवती काचेमागे कपबश्या, बाहुल्या, मुलांनी मिळविलेल्या ढाली. खण दोन फूट खोल ठेवावा लागे, कारण चित्रनळीचे पोट मागे तेवढे सुटलेले. हा काळ दाखविण्याचा होता. एका कंपनीने तर शिंगे-शेपटीवाला सैतान जाहिरातीत आणून शेजाऱ्यांच्या मत्सरावरच माल खपविला. नजर लागू नये म्हणून झाकण्याची आमची रीत, आणि येथे नजर लागावी म्हणून खरेदी.

आता जे सांगावयाचे ते आमच्याविषयी आहे.

१९८९ च्या उन्हाळ्यात जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात संप झाला. कारखान्याच्या नावाची येथे गरज नाही. आम्ही तेव्हा विशीत होतो, नुकतेच समितीवर आलो होतो आणि जग आपल्यालाच समजले आहे अशी आमची खात्री होती. संप महिन्यावर गेला. आसपासच्या खेड्यांतून आम्ही ज्वारी, डाळ, मिरची गाडीने गोळा करून आणीत असू आणि आठवड्याच्या फेरीने वाटीत असू. धान्य थोडे, तोंडे फार. कोणाला आधी द्यावयाचे? सभेत आम्ही सूचना मांडली की, ज्याच्या घरी टी.व्ही. आहे त्याचे नाव शेवटच्या फेरीत घ्यावे. सूचना टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. आम्ही वही घेऊन घरोघर निघालो.

गल्लीच्या तोंडाशी उभे राहून पाहतो तो छपरे ओकीबोकी. आठ दिवसांपूर्वीपर्यंत जेथे अँटिना होत्या तेथे एकही नाही. एका पत्र्यावर अँटिनाच्या नळीला जुने धोतर बांधून कुरडयांवर बुजगावणे उभे केले होते. घरांत शिरलो तर कोठेही टी.व्ही. दिसेना. पुढे हळूहळू कळत गेले, कोणी गोधड्यांच्या चळतीत घातला होता, कोणी ज्वारीच्या रिकाम्या कोठीत, कोणी खाटेखाली गोणपाटात. काहींना आमच्यापेक्षा हप्ते वसूल करणाऱ्या दुकानदाराची भीती अधिक होती. पण बहुतेकांनी तो लपविला तो आमच्यापासून, म्हणजे त्यांच्याच संघटनेपासून.

एका घरी कोपऱ्यात देव्हारा होता. खाली लाल कापड घातलेले, त्यावर सप्तशृंगीची मोठी तसबीर टेकवून उभी, वर खंडोबाचा टाक, पुढे समई. आम्ही नास्तिकपणाच्या गप्पा मारणारे, तरी रीत म्हणून हात जोडले. बाई चुलीशी होती. आम्ही वहीत "टी.व्ही. नाही" असे लिहिले आणि निघणार, तोच सहा-सात वर्षांचा मुलगा बाहेरून धावत आला. रविवार होता, 'महाभारता'ची वेळ झाली होती. तो म्हणाला, "आई, देव उतरव ना लवकर!"

बाईने मुलाकडे पाहिले नाही, आमच्याकडेही पाहिले नाही. तिने चुलीतील लाकूड उगाच मागेपुढे केले. आम्ही वही उघडली, लिहिलेले खोडले आणि फुली मारली. त्या घराला दोन फेऱ्या धान्य गेले नाही.

तिने तक्रार केली नाही. पुढच्या सभेत खात्यातला एक जुना जॉबर उठला आणि म्हणाला, "टी.व्ही. शिजवून खाता आला असता तर तिने तो कधीच शिजवला असता." मग त्याने सांगितले की, तो चौदा इंची काळा-पांढरा संच नवऱ्याच्या पगाराचा नव्हताच. बाईने दोन उन्हाळे लोकांची बिबडी लाटून भिशी भरली होती आणि भिशी लागली तेव्हा तो आणला होता. संप चालू आहे हे बाजाराला ठाऊक. विकावयास नेला तर चौथाई किंमत सांगत होते. ती लपवीत होती ते चैन नव्हती, दोन वर्षांची मजुरी होती. नियम त्याच सभेत रद्द झाला. मांडताना टाळ्या पडल्या होत्या, रद्द होताना कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. आम्ही पुढे पुष्कळ याद्या केल्या, पण त्यात घरातील वस्तूंचा रकाना पुन्हा कधी ठेवला नाही. कामगार गरीब आहे की नाही हे त्याच्या खोलीतील एका वस्तूवरून ठरविण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला होता? मालकही तेच करीत होता. तो म्हणत होता, यांच्या घरी टी.व्ही. आहेत, यांना पगारवाढ कशाला?

केळीच्या पानांच्या घराचा यजमान म्हणजे तो मुलगा. चटईच्या धंद्यात त्याचे बरे चालले आहे.

त्याच्या भिंतीचे काम राजस्थानातून आलेल्या तीन सुतारांनी केले. तो ते अभिमानाने सांगत होता. आम्ही आमच्या सवयीने निराळे प्रश्न विचारीत होतो. तीन आठवडे ते तिघे त्याच घरात, प्लायच्या भुशात झोपले. मजुरी स्क्वेअर फुटाने. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला, पण असे घरातले काम करणारा सुतार त्या नोंदीत आमच्या पाहण्यात क्वचितच आला. काम मात्र देखणे. चित्रनळी गेली, पडदा बोटभर जाडीचा झाला, म्हणून आता दोन फूट खोल खण लागत नाही. चार-पाच इंचांत सारे मावते. तारा भिंतीतून, यंत्र छताच्या वरच्या पट्टीत. छपरावरचा सांगाडा तर केबल आल्यापासूनच उतरला. परदेशात २०१७ मध्ये एका कोरियन कंपनीने बंद असताना तसबिरीसारखे चित्र दाखविणारा टी.व्ही. काढला, त्याला लाकडी चौकट लावून भिंतीवर टांगतात. म्हणजे आता संच स्वतःच देव्हाऱ्याचे सोंग घेतो. यजमानाला आम्ही विचारले, एवढे कशासाठी? तो म्हणाला, "भिंतीवर काळा चौकोन बरा दिसत नाही, काका." त्याला १९८९ आठवते की नाही हे आम्ही विचारले नाही.

तेवढ्यात वीज गेली. फळ्या मिटत होत्या त्या मध्येच अडकल्या. अर्धी पाने इकडे, अर्धी तिकडे, मधे काळा पडदा. दिवे आणि पंखे इन्व्हर्टरवर होते, फळ्यांचे यंत्र नव्हते. यजमान फोनमध्ये सुताराचा नंबर शोधू लागला. आतल्या खोलीतून त्याची आई आली. आता सत्तरीच्या पुढे आहे, गुडघे दुखतात. तिने भिंतीकडे पाहिले, जवळ जाऊन पानावर तळहात टेकला आणि फळी जोर लावून सरकवू लागली. खाचेतून तीच जुनी खरखर आली. मग मान वळवून आमच्याकडे पाहून म्हणाली, "भाऊ, वही आणली नाही ना?"

आम्ही उठलो आणि दुसऱ्या फळीला हात लावला.